पुढच्या चाकांतली ढिलाई नेमकी कुठे आहे, हे घरच्या घरी कसं शोधावं

खड्ड्यात पुढून ‘टक्’ असा आवाज येतो, सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग सारखं सावरावं लागतं, ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते. अशा गाडीला बहुतेक ठिकाणी पहिला सल्ला मिळतो, ‘अलाइनमेंट करून टाका.’ करू नका. सांधे ढिले असताना केलेलं अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) म्हणजे वाया घालवलेले पैसे. आधी ढिलाई शोधा, भाग बदला, अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. मात्र फक्त ८०-९० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल आणि एरवी गाडी गप्प असेल, तर आधी चाकांचं बॅलन्सिंग बघा.

सुरुवात गाडी जमिनीवर असतानाच करा. इंजिन बंद, स्टिअरिंगचं लॉक काढलेलं, चाकं सरळ. आत कुणालातरी बसवा आणि स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलकेच, चाक वळणार नाही इतपतच हलवायला सांगा. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत या मोकळ्या हालचालीची मर्यादा रिंगवर ३० मिलिमीटर दिली आहे. तुमच्या गाडीची तुमच्या पुस्तिकेत बघा. ते हलवत असताना तुम्ही टायरॉड एंडवर (चाक वळवणाऱ्या दांडीच्या चाकाकडच्या टोकाचा सांधा) बोटं ठेवा. सांधा खराब असेल तर बोटाला ठोका लागतो. मग रॅकच्या (स्टिअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकणारी दातेरी दांडी) टोकाचं रबरी बेलो (घड्यांचं आवरण) मुठीत दाबून धरा. आतला रॅक एंड (त्याच दांडीचा रॅककडचा सांधा) झिजला असेल तर तो ठोका बेलोमधूनही कळतो. बाहेरचे टायरॉड एंड बदलूनही आवाज राहिला, तर अख्खी रॅक बदलायला तयार होण्याआधी हे जरूर करा. रॅक एंड वेगळा मिळतो आणि रॅकच्या मानाने खूपच स्वस्त पडतो.

आता जॅक लावा, खाली स्टँड द्या. नुसत्या जॅकवर हात आत घालायचा नाही.

चाक घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून हलवा. इथेच बहुतेकांची चूक होते आणि माझीही झाली होती. चाक हललं, मी म्हटलं बेअरिंग गेलं. गॅरेजवाल्यानेही मान डोलावली, प्रेसवर नवीन बेअरिंग बसवलं. आठवड्याभरात वरंध घाटातून महाडला उतरताना तोच आवाज. परत चढवून बघितलं तर दोष खालच्या बॉल जॉइंटचा होता, म्हणजे चाकाला खालच्या आडव्या आर्मशी (लोअर आर्म) जोडणाऱ्या गोल सांध्याचा. तो सुटला असता तर चाक बाहेर लोळलं असतं आणि गाडी घाटातच बसली असती. बेअरिंग बहुधा घूंऽऽ असं ओरडून आधी सूचना देतं, बॉल जॉइंट कधीकधी एवढ्याशा ‘टक्’ शिवाय काही सांगत नाही. म्हणून इथे अंदाजाने काम करू नका.

ओळखायची खूण अशी: चाक १२-६ ला हलवत राहा आणि आत बसलेल्याला ब्रेक घट्ट दाबायला सांगा. ब्रेक दाबताच डिस्क कॅलिपरमध्ये पकडली जाते, म्हणजे हब (चाक ज्यावर बसतं तो फिरणारा भाग) नकलला (हब धरून ठेवणारा, स्वतः न फिरणारा भाग) बांधला जातो. ढिलाई गायब झाली तर ती बेअरिंगची. तशीच राहिली तर बॉल जॉइंट किंवा त्याच्या वरचा भाग बघा. एवढ्यावर थांबू नका. दुसऱ्याला चाक हलवायला सांगून अंगठा असा टेकवा की अर्धा नकलवर आणि अर्धा लोअर आर्मवर येईल. दोन्ही एकत्र हलले तर सांधा ठीक. एक हलला आणि दुसरा मागे राहिला, तर तिथेच दोष. हाताला कळलं नाही तर टॉमी (छोट्या पहारीसारखा लोखंडी दांडा) घालून हलकेच उचला, पण सांध्याचं रबर फाडू नका. आणि रबरी बुशचा (आर्म जिथे गाडीला जोडलेला असतो तिथलं रबर) लवचिकपणा दोष समजू नका: रबर दबून परत येतं, झिजलेला सांधा ठोका देतो.

लोअर आर्मवर स्प्रिंग बसलेल्या जीप-पिकअपसारख्या गाड्यांत जॅक चॅसिसला लावला तर स्प्रिंगच सांधा ताणून धरते आणि ढिलाई लपते. तिथे जॅक लोअर आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जवळ लावा.

३ आणि ९ ला हलवताना दोन्ही चाकं हवेत असतील तर एक हलवलं की समोरचंही हलतं. ती ढिलाई नव्हे, रॅक सरकते आहे. समोरचं चाक हलण्याआधी हाताला जो ठोका लागतो, तो खरा. १२-६ ला आणि ३-९ ला सारखंच हलत असेल तर संशय पुन्हा बेअरिंगवर.

लिंक रॉड (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या बारला जोडणारी छोटी दांडी) आणि आर्मचे बुश टॉमीने बघून घ्या, दोन मिनिटांचं काम.

टायरॉड एंड बदललात तर कॅसल नटाला (खाचा असलेला नट) स्प्लिट पिन (नट सैल होऊ न देणारी, टोकं दुमडायची पिन) नवीनच घाला. भोक जुळत नसेल तर नट थोडा पुढे आवळून जुळवा, मागे सैल करून कधीही नाही. काही गाड्यांत बॉल जॉइंट लोअर आर्मसकटच मिळतो, त्याची किंमत आधी विचारून ठेवा. आणि बॉल जॉइंटमध्ये ढिलाई सापडली, तर गाडी गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नका. मिस्त्रीला घरी बोलवा किंवा गाडी उचलून न्या.