जुनी गिब्सन कुठल्या सालची, कसं ओळखायचं

गोव्यात जुन्या घरात माळ्यावर गिटार सापडणं काय नवीन नाय, पण हेडवर (तारा पिळायच्या खुंट्या असतात तो वरचा भाग) गिब्सन, म्हणजे अमेरिकेतल्या नावाजलेल्या गिटार कंपनीचं नाव, दिसलं की लगेच भाव सांगू नका, आधी नाव नीट वाचा कारण कलकत्त्याची गिवसन पण असते, ती वेगळी कंपनी.

मग हेडच्या मागचा नंबर बघा. पावसाळ्यातल्या दमटपणाने मळ बसलेला असतो, सुक्या मऊ कपड्याने पुसा, घासू नका हां. 1977 नंतर आठ आकडी नंबर आला, त्यात पहिला आणि पाचवा आकडा मिळून साल, मधले तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस. समजा 82765501 असेल तर 1985 चा 276 वा दिवस, म्हणजे 3 ऑक्टोबर. 1984 पर्यंत शेवटचे तीन आकडे 500 च्या खाली असले तर गिटार कॅलामझूच्या कारखान्यातली, 500 किंवा वर असले तर नॅशव्हिलच्या, दोन्ही अमेरिकेतले.

कॅलामझू म्हणजे मूळ गाव, ऑरव्हिल गिब्सनच्या नावाने 1902 ला कंपनी तिथेच सुरू झाली आणि 1984 ला तो कारखाना बंद झाला, म्हणून तिथल्या पीसला लोक जास्त मागे लागतात. 1977 च्या आधीचे नंबर मात्र डोकेदुखी, तेच नंबर परत परत वापरलेत, तिथे पिकअप (तारांचा आवाज पकडणारा भाग) आणि पॉट्सवरचे (आवाज-टोनच्या नॉबखालचे भाग) कोड बघावे लागतात.