पेशंटजवळ बसलेल्याचा फोन वाजत राहू नये म्हणून

घरातलं माणूस दवाखान्यात असलं की काळजीपोटी सगळेच फोन करतात, आणि उशाशी बसलेल्याला तेच ते वीस वेळा सांगावं लागतं.

१. निरोप देण्याचं काम दवाखान्याबाहेरच्या एकाकडे सोपवा. मावशी, चुलतभाऊ, कुणीही चालेल.
२. त्याने व्हॉट्सॲप ग्रुप करून परवानग्यांमध्ये 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवतील' असं ठेवावं. ब्रॉडकास्ट लिस्ट नको, कारण ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो मेसेज जातच नाही.
३. रोज ठरलेल्या वेळी, समजा रात्री ८ला, तीन ओळी: आज तब्येत कशी, डॉक्टर काय म्हणाले, उद्या काय लागेल. नवीन काही नसलं तरी तसं कळवाच. निरोप चुकला की पुन्हा फोन सुरू होतात.
४. वाचायला त्रास होणाऱ्या आजीआजोबांसाठी अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज वेगळा पाठवा.

डबा कुणी आणला, रात्री कोण थांबलं, रक्त कुणी दिलं, हे त्याच दिवशी वहीत तारखेसह लिहा. थकव्यात नावं हमखास विसरतात, आणि पेशंट घरी आल्यावर प्रत्येकाला नाव घेऊन आभाराचा फोन करायचा असतो.

रिपोर्टचे फोटो मात्र ग्रुपवर टाकू नका. ते कुठवर फॉरवर्ड होतील सांगता येत नाही.