घरबांधणीसाठी होणाऱ्या हद्दवाढीला हरकत कशी नोंदवावी

वस्तीलगतची मोकळी जमीन शहराच्या हद्दीत घेऊन तिथे गृहप्रकल्प उभारण्याचा प्रस्ताव आला, की सर्वप्रथम मूळ सूचना आणि तिच्यासोबतचा नकाशा मिळवावा व हरकतीची शेवटची तारीख टिपून ठेवावी. मुदत टळल्यावर आलेली रास्त हरकतही बहुधा विचारात घेतली जात नाही. हद्दीत समावेश आणि जमीन वापरातील बदल हे दोन वेगळे निर्णय असतात, म्हणून सध्या नेमका कोणता निर्णय होणार आहे हे पाहून त्याच मुद्द्यावर लिहावे.

खरे बळ पुराव्यात असते. ‘गर्दी वाढेल’ असे मोघम लिहिण्याऐवजी सकाळच्या वर्दळीत चौकात उभे राहून दर 15 मिनिटांची वाहने मोजावीत, आणि मुसळधार पावसानंतर रस्त्याखालच्या मोरीत पाणी कुठवर चढले त्याचे छायाचित्र मोजपट्टी धरून, तारखेसह घ्यावे. आज मातीत मुरणारे पाणी उद्या छपरांवरून आणि डांबरावरून वाहू लागले, की तीच मोरी अपुरी पडते. वाढीव पाणीपुरवठा, सांडपाणी आणि रस्ते यांचा खर्च कोण उचलणार, हेही लेखी विचारावे. नव्या रहिवाशांविषयी मात्र एकही वावगा शब्द नसावा. घराची गरज त्यांचीही खरी आहे, आणि त्यांना दूषणे देणे मला अन्यायाचे वाटते.

अर्जाची पोच घ्यावी. सुनावणीत मुद्दे आपसांत वाटून घ्यावेत, आणि प्रस्ताव मंजूर होणार असे दिसल्यास घरांची संख्या, मोकळी जागा व पावसाचे पाणी अडवणारे तळे यांविषयीच्या अटी मंजुरीच्या आदेशातच नमूद करण्याचा आग्रह धरावा.