पौषातला हुरडा आणि पाचला लावायचे कंट्रोल: तीन दिवसांच्या ओरिएंटीयरिंग स्पर्धेत या चुका टाळा

पहिल्या दिवसाची शर्यत सहसा बरी होते. कार्यकर्ते उत्साहात असतात, बॅटऱ्या चार्ज झालेल्या असतात, नकाशे खोक्यात नीट लावलेले असतात. घोटाळा होतो शनिवारी रात्री आणि उघडा पडतो रविवारी सकाळी. स्टार्टला एका वयोगटाचे नकाशेच नाहीत, दोन कंट्रोल लावायचे राहिलेत, आणि सामानाच्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे आहे तो रात्री एकला केटररचा हिशेब मिटवून आता कुठे झोपलाय. पुण्यात अशी स्पर्धा घ्यायची असेल तर मार्ग आखण्याआधी दोन दिवसांच्या मधली रात्र आखावी, असं माझं स्पष्ट मत आहे. एका दिवसाची स्पर्धा उत्तम घेणारे लोकही इथेच घसरतात.

नवख्यांसाठी थोडक्यात: हातात नकाशा आणि होकायंत्र, जमिनीवर ठरावीक क्रमाने गाठायच्या खुणा, म्हणजे कंट्रोल. प्रत्येक कंट्रोलवर ३० सेंटीमीटरचं पांढरं-नारिंगी निशाण असतं. दोन कंट्रोलमधला रस्ता ज्याचा त्याने शोधायचा. जागतिक महासंघ १९६१ मध्ये स्थापन झाला. स्वीडनमधली ओ-रिंगेन ही पाच टप्प्यांची स्पर्धा १९६५ पासून चालत आलीय. म्हणजे अनेक दिवसांची स्पर्धा कशी चालवायची याचे नियम तयार आहेत. आपण चुकतो ते स्थानिक गोष्टींत.

तारीख फक्त हवामान बघून ठरवणे

पावसाळा बाद, उन्हाळाही बाद, म्हणून डिसेंबर, इथपर्यंत सगळे येतात. पण डिसेंबरात पुण्यात सवाई गंधर्व असतो, मॅरेथॉन असते आणि लग्नं असतात. संध्याकाळच्या कार्यक्रमाला मंगल कार्यालय हवं असेल तर लग्नतिथी आधी बघा. मुहूर्ताच्या दिवशी कार्यालय मिळत नाही. मिळालंच, तर भाडं ऐकून कार्यक्रम गच्चीवर घ्यावासा वाटतो.

यावर जुना आणि सोपा तोडगा म्हणजे पौष. पौषात आपल्याकडे लग्नं लावत नाहीत, त्यामुळे कार्यालयं रिकामी असतात. थंडी टिकून असते, गवत वाळलेलं असतं, हुरड्याचा हंगाम असतो आणि संक्रांतही याच महिन्यात येते. बाहेरगावच्या पाहुण्यांना तिळगूळ द्यायला वेगळं निमित्त शोधावं लागत नाही. वाळल्या गवताचे दोन त्रास मात्र आहेत. कुसळं मोज्यातून आत जातात, तेव्हा पायाला गेटर, म्हणजे नडगीवरचं कापडी आवरण, बांधून यायला माहितीपत्रकातच सांगा. दुसरा धोका वणव्याचा. टेकडीवर काडी पेटणार नाही हे कार्यकर्त्यांनाही बजावा, कारण स्पर्धक पळताना बिडी ओढत नसतो.

सगळी टेकडी एकाच खात्याची समजणे

पुण्यातल्या बऱ्याच टेकड्यांवर काही जमीन वनखात्याची, काही महापालिकेची आणि मधेच एखादा तुकडा खासगी मालकाचा असतो. एका कार्यालयाचं पत्र खिशात घालून सगळ्या टेकडीवर मार्ग आखला की शेवटच्या आठवड्यात कोणीतरी अडवतं आणि अर्धे कंट्रोल हलवावे लागतात. आधी हद्दी नकाशावर उतरवा, मग अर्ज करा. जिथली परवानगी नाही तो भाग नकाशावर निषिद्ध क्षेत्राच्या रंगात छापा. स्पर्धकाला तो दिसला की तो तिथे पाय घालत नाही, घातला तर बाद होतो.

नकाशा चुकीच्या ऋतूत करणे

माझ्या मते सगळ्यात महागाची चूक ही. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा चांगला असला तरी त्यावर समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने असतात. आपल्याला साधारण ५ मीटरची रेषा लागते आणि जंगलातल्या शर्यतीसाठी १:१५,००० किंवा १:१०,००० प्रमाण. म्हणजे जमिनीवर चालत, खडक न् खडक बघत, नवा नकाशा करावाच लागतो. त्यासाठी ओपनओरिएंटीयरिंग मॅपर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. वेळ मात्र फुकट मिळत नाही, आणि अंदाज हमखास चुकतो तो वेळेचाच.

सर्वेक्षण सप्टेंबरात केलं तर वेताळ टेकडीचा उतार हिरवा दिसतो, आणि करणारा तो नकाशावर गडद हिरवा, म्हणजे पळायला अवघड, असा रंगवतो. जानेवारीत तिथलं गवत झोपलेलं असतं, गिरिपुष्पाची पानं झडत आलेली असतात आणि आरपार दिसतं. ज्याने नकाशावर विश्वास ठेवून वळसा घेतला तो हरतो, ज्याने दुर्लक्ष केलं तो जिंकतो. खेळच उलटा झाला. म्हणून झाडोऱ्याचं काम आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यात करा. दगड, ओघळी, खाणीच्या कडा कधीही टिपता येतात. पाणी जिरवायला खणलेले समतल चरही नकाशात घ्या, पण त्यांवर कंट्रोल ठेवू नका. एकसारखे इतके चर असतात की तिसरा कुठला आणि चौथा कुठला हे आखणाऱ्यालाही सांगता येत नाही. नियमच असा आहे की जंगलातल्या शर्यतीत दोन कंट्रोल ३० मीटरपेक्षा जवळ नकोत, आणि दिसायला सारख्या जागांवर असतील तर ६० मीटरपेक्षा.

छपाईत एक बारीक खोच असते. छापखान्यात किंवा घरच्या प्रिंटरवर 'पानात बसवा' हा पर्याय चालू राहिला की नकाशा ९७ टक्के होतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. १:१०,००० वर ६०० मीटरच्या टप्प्यात ही १८ मीटरची फसवणूक झाली. घाणेरीच्या जाळीत १८ मीटर म्हणजे पाच मिनिटांची शोधाशोध. नकाशाच्या कडेला बरोबर १० सेंटीमीटरची रेघ काढून ठेवा आणि पहिली प्रत हातात आली की पट्टीने मोजा. शिवाय तपकिरी आणि हिरवा वेगळे ओळखू येतात का, ते उन्हात नेऊन बघा. ट्यूबलाइटखाली सगळेच नकाशे सुंदर दिसतात.

टेकडीवर आपण एकटेच आहोत असं धरून चालणे

सकाळी सहा ते नऊ टेकडीवर निम्मं पुणं असतं. व्यायामाला आलेल्या काकांना झुडपात नारिंगी कापड दिसलं तर ते काढून, नीट घडी करून, पायथ्याच्या चहावाल्याकडे जमा करतात. हेतू चांगलाच असतो. आपला कंट्रोल मात्र गेला. निशाणावर मराठीत ठळक लिहा: 'स्पर्धेची खूण. दुपारी एकपर्यंत कृपया हलवू नये.' पुण्यात पाटीला मान आहे, त्याचा फायदा घ्या. इलेक्ट्रॉनिक नोंदीचं यंत्र वापरत असाल तर ते तारेने बांधा. आठवडाभर आधी पायथ्याशी सूचना लावली आणि रोज येणाऱ्या मंडळींशी दोन शब्द बोललात, तर हेच काका तुमचे राखणदार होतात.

पहिला स्पर्धक सुटण्याआधी प्रत्येक कंट्रोलला एका माणसाचा हात लागला पाहिजे. 'काल लावलाय' हे उत्तर चालत नाही. आग्या मोहोळ कुठे आहे हेही त्याच फेरीत बघायचं, आणि असेल तर मार्ग बदलायचा, मग तो टप्पा कितीही लाडका असो.

पाण्याचा नियमही ठरलेला आहे. विजेत्याचा अपेक्षित वेळ ३० मिनिटांहून जास्त असेल तर त्याच्या वेगाने दर २५ मिनिटांना पाणी मिळायला हवं. शेवटचा स्पर्धक त्याच्या दुप्पट वेळ उन्हात असतो, हे धरून मी तरी एक जागा वाढवीन.

पेठेतली स्प्रिंट चुकीच्या वारी ठेवणे

कसब्यातले बोळ, वाड्यांच्या आरपार जाणाऱ्या वाटा, अचानक संपणाऱ्या गल्ल्या. स्प्रिंटसाठी, म्हणजे गल्लीबोळांतल्या छोट्या, वेगवान शर्यतीसाठी, याहून चांगली जागा महाराष्ट्रात क्वचित मिळेल. नकाशा १:४,००० चा, विजेता १२ ते १५ मिनिटांत आत. पण ही मजा फक्त रविवारी सकाळी. पहिला स्पर्धक सव्वासातला, शेवटचा पावणेनऊला, त्यानंतर दुचाकी सुरू होतात आणि संपलं.

सर्वेक्षणाच्या दिवशी उघडा असलेला वाड्याचा दिंडी दरवाजा स्पर्धेच्या दिवशी कुलूपबंद असू शकतो. नकाशावर वाट आणि समोर कुलूप, की त्या टप्प्याचा निकालच रद्द करावा लागतो. मालकाशी आधी बोला आणि तिथे माणूस उभा करा. माणसं कुठून आणायची? जवळच्या गणपती मंडळाकडे जा. गर्दी सांभाळायची सवय, बोळ न् बोळ पाठ आणि रस्ता ओलांडताना गाडी थांबवायचा अधिकारवाणीचा हात, हे सगळं एकत्र दुसरीकडे मिळत नाही.

रविवार पेठेला दिला की शेवटच्या दिवशी साखळी स्टार्टचा मोह सोडावा लागतो. त्यात आघाडीवरचा आधी सुटतो, बाकीचे जितके मागे तितक्या वेळाने, आणि जो पहिला फिनिशला येईल तो एकूण विजेता. बघायला छान. पण शनिवारच्या लाँगनंतर, म्हणजे सगळ्यात लांब शर्यतीनंतर, फरक अर्ध्या तासाचे असतात, आणि पावणेनऊला खिडकी बंद होते. तीन दिवसांच्या वेळांची बेरीज करा आणि मोकळे व्हा. वयोगटांत मात्र तीनपैकी चांगले दोन दिवस धरा. एक कंट्रोल चुकला म्हणून साठीच्या आजोबांचा सगळा दौरा बाद करणं बरं दिसत नाही. हे काय ते माहितीपत्रकात आधीच छापलेलं असावं. शनिवारी संध्याकाळी ठरवलेला नियम कोणाच्या तरी विरुद्धच ठरवलेला वाटतो.

शनिवारची रात्र

हुरडा पार्टी शनिवारी ठेवू नका. हुरडा शहराबाहेर. जाताना नगर रस्ता किंवा सोलापूर रस्ता, येतानाही तोच, आणि मधे आगटीभोवती गप्पा रंगल्यावर कोणी उठत नाही. घरी पोचायला बारा. पाचला उठून कंट्रोल तपासायला जाणार कोण? हुरडा रविवारी, बक्षिसं झाल्यावर ठेवा. ज्यांच्या गाड्या आहेत ते जातील, बाकीचे पोटभर खाऊन राहतील.

शनिवारी शहरातच, लवकर संपणारं काहीतरी हवं. यासाठी माझी आवडती युक्ती म्हणजे नकाशे. शेवटचा स्पर्धक सुटेपर्यंत फिनिशला आलेल्यांचे नकाशे काढून घ्यावेच लागतात, नाहीतर मार्ग फुटतो. ते मैदानातच परत न देता संध्याकाळी सात वाजता कार्यक्रमात द्या. सगळे येतात. भिंतीवर मोठा नकाशा लावा, रंगीत पेनं ठेवा, प्रत्येकाने आपला रस्ता काढायचा. 'मी खाणीच्या वरून गेलो', 'तिथून जाताच येत नाही' हा वाद संध्याकाळभर चालतो आणि आयोजकाला रुपयाचाही खर्च नाही. ऑर्केस्ट्रा लागत नाही. लावलात तरी दहानंतर ध्वनिक्षेपक कायद्याने बंद.

जेवणाचं नोंदणीच्या फॉर्मवरच विचारा: जैन, कमी तिखट, उपवास. शनिवारी चतुर्थी किंवा एकादशी आली तर पुण्यात साबुदाण्याच्या खिचडीची मागणी तुमच्या अंदाजाच्या वर जाते.

निकालाचं वेळापत्रकही याच रात्रीवर अवलंबून असतं. रविवारी आघाडीवरचे शेवटी सुटणार असतील तर शनिवारचा निकाल पक्का हवा. तक्रारींची मुदत चारपर्यंत, निवाड्याला तिघांची समिती आधीच जाहीर, स्टार्टची यादी सातला भिंतीवर. समितीतला एखादा जेवणाची रांग लावत असेल तर हे होणार नाही. म्हणून माणसं दोन पाळ्यांत कडक विभागा. पहाटेची पाळी संध्याकाळी फक्त पाहुणी म्हणून येते आणि नऊला घरी जाते. संध्याकाळची पाळी सकाळी येतच नाही. मार्ग आखणाऱ्याला तर जेवणाच्या टेबलापासून लांबच ठेवा. तो दमलेला असतो, आणि दमलेला माणूस बोलून जातो.

मोजणी

स्टार्टला किती सुटले आणि फिनिशला किती आले, हे दोन आकडे जुळल्याशिवाय एकही कंट्रोल काढायचा नाही. अर्धवट सोडणारा परस्पर रिक्षाने घरी जातो आणि आपण दुपारभर तळजाईच्या झाडीत शिट्ट्या मारत बसतो. सोडलं तरी फिनिशला यायचंच, हे रोज सकाळी माइकवर सांगा. नोंदणीत संपर्काचा नंबर घ्या, तोही घरच्या दुसऱ्या माणसाचा.

बक्षीस समारंभात प्रमुख पाहुणे एकच ठेवा आणि त्यांना खऱ्या वेळेच्या अर्धा तास आधीची वेळ सांगा. लोकांच्या गाड्या असतात, शाल-श्रीफळात त्या चुकतात.

मार्ग आखताना झाडांना बांधलेल्या रंगीत फिती कंट्रोलबरोबर खाली येत नाहीत, कारण त्या कोणाच्याच यादीत नसतात. प्रत्येक फीत बांधतानाच नोंदवा आणि सोमवारी सकाळी दोघांना त्या यादीसह टेकडीवर पाठवा. मग साफ जागेचे फोटो जोडून वनखात्याला आभाराचं पत्र त्याच आठवड्यात द्या. पुढच्या वर्षीचा अर्ज त्याच टेबलावर जाणार असतो.