कुंडले, भाण, रगडो : रोजच्या वापरातल्या जुन्या वस्तूंच्या बाबतीत या चुका टाळा

गोव्यातल्या घरांत मिक्सर आला, कुकर आला, फ्रिज आला, तरी माशांचे हुमण (कालवण) मातीच्या कुंडल्यातच शिजते, नारळ आदोळीवरच खवला जातो आणि तिन्हीसांजेला पितळेची समईच लागते. वापर चालू आहे. वस्तू सांभाळायची रीत मात्र मागे पडत चालली आहे. स्टीलचे भांडे जसे घासायचे तसेच माती, तांबे आणि बीडही (ओतीव लोखंड) घासले जाते. मग आजीच्या काळापासून टिकलेली वस्तू दोन पावसाळ्यांत हातची जाते. त्यात आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. खालच्या जवळजवळ प्रत्येक बिघाडामागे ओल किंवा आंबट सापडेल.

मातीचे कुंडले

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून नवे कुंडले आणायचे, साबणाने धुवायचे आणि त्याच संध्याकाळी गॅसवर चढवायचे, असे सर्रास होते. भाजलेल्या मातीला बारीक छिद्रे असतात. साबण त्यात मुरतो आणि पुढच्या हुमणात उतरतो. नवे कुंडले आधी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. दुसऱ्या दिवशी त्यात तांदळाची पेज मंद आचेवर शिजवा आणि ती तशीच थंड होऊ द्या. पेजेतल्या पिठूळपणाने छिद्रे बुजतात, पाझर थांबतो. एवढे करूनही थेंब झिरपत असेल तर पुन्हा एकदा पेज करा. तडाच असेल तर मात्र इलाज नाही, ते भांडे झाडाला द्या.

रोज धुताना गरम पाणी आणि नारळाचे सोडण पुरते. तेलकटपणा जास्त असेल तर थोडे बेसन किंवा तांदळाचे पीठ लावा. गॅस सुरुवातीला बारीक ठेवा. तापलेल्या कुंडल्यात गार पाणी ओतू नका आणि ते थेट ओल्या ओट्यावर टेकवू नका. चुंबळीवर किंवा लाकडी पाटावर ठेवा.

पावसात कुंडल्यावर पांढरे दिसले की लोक घाबरून ते फेकून देतात. आधी बोट फिरवून पाहा. कोरडी, खडूसारखी पूड असेल तर ते मातीतले किंवा पाण्यातले क्षार आहेत. घासले की जातात आणि त्याने काही बिघडत नाही. लवदार आणि कुबट वासाचे असेल तर ती बुरशी. अशा वेळी व्हिनेगर लावून घासा, पाणी भरून चांगले उकळा आणि पूर्ण वाळवा. ऊन नसेल तर स्वयंपाक झाल्यावर गरम चुलीजवळ उपडे ठेवा. ओले कुंडले झाकण लावून कपाटात ठेवणे ही त्याला मारायची खात्रीची वाट. माशांचे कुंडले माशांनाच राहू द्या. धुऊनही त्यात दूध किंवा खीर करू नका, वास जात नाही. रंगवलेली, चकचकीत शोभेची मडकी स्वयंपाकाला मुळीच घेऊ नका, त्यांच्या रंगात काय आहे याचा भरवसा नसतो.

तांबे, पितळ आणि कल्हई

पितळेच्या भांड्यात ताक कळकते हे आपल्याला ठाऊक असते. पण सोलकढी, चिंचेची आमटी, आमसुलाचे सार करताना ते आठवत नाही. आंबटाने तांबे विरघळून अन्नात उतरते. असे अन्न खाल्ले तर मळमळ, उलट्या होऊ शकतात. तांब्याच्या कळशीतले पाणी चालते, त्यात लिंबू पिळू नका. आत कल्हई असेल तर काळजी नाही, पण कल्हई झिजते. आत कुठेही लालसर किंवा पिवळा डाग दिसू लागला की भांडे कल्हईला द्यायची वेळ झाली.

कल्हई म्हणजे कथलाचा थर, आणि कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. रिकामे भांडे गॅसवर विसरले तर ते तेवढे सहज तापते आणि थर ओघळून गोळा होतो. तारेच्या घासणीने तो खरवडला जातो. कल्हईवाले आता क्वचितच दिसतात, म्हणून असलेली कल्हई जपायला हवी. करून घेताना शुद्ध कथीलच वापरायला सांगा. शिशाची भेसळ विषारी असते.

समई चिंचेने किंवा सोलांनी (आमसुलांनी) उजळते हे खरे, पण रात्रभर त्यात बुडवून ठेवू नका. आंबटाने पितळेतले जस्त निघून जाते आणि वर तांब्याची गुलाबी झाक उरते. घासून झाल्यावर लगेच धुवा आणि फडक्याने कोरडी करा. ओली राहिली तर दुसऱ्या दिवशीच डाग पडतात.

न्हाणीत पाणी तापवायच्या मोठ्या भाणात पाणी भरल्याशिवाय खाली आग पेटवू नका, सांधे सुटतात. बाहेरून आधी राख किंवा माती कालवून लेप दिला तर काजळी धुताना सहज निघते. हे काम जुन्या बायका न चुकता करायच्या, आणि आजही त्याहून सोपा उपाय नाही.

बीड

गंजलेला बिडाचा तवा भंगारात देऊ नका. जाड मीठ आणि सोडण घेऊन घासा, धुवा, गॅसवर पूर्ण सुकवा, मग खोबरेल तेलाचा अगदी पातळ हात फिरवून पुन्हा तापवा. तेल जास्त झाले की तवा चिकट होतो आणि घावन सुटत नाही; तसे झाले तर पुसून काढून परत तापवा. तापलेल्या बिडावर गार पाणी टाकलेत तर तडकेल, आणि हातातून पडले तर सरळ दोन तुकडे. आंबट कालवण त्यात शिजवू नका, बसलेला तेलाचा थर निघतो.

चिनी मातीच्या बरणीबद्दल थोडेच. मिसकूट (कैरीचे लोणचे) भरण्याआधी ती मेच्या उन्हात कडक वाळवा. आतल्या झिलईला बारीक रेघा पडल्या असतील तर त्यांत तेल आणि बुरशी बसते, तिच्यात लोणचे घालू नका, डाळी-कडधान्यांना चालेल.

आदोळी आणि रगडो

आदोळी नळाखाली धुवायची सवय मोडा. फळी फुगते आणि पाते ढिले होते. ओल्या फडक्याने पुसा, पाते कोरडे करून तेलाचे बोट लावा. दाते बोथट झाले तर घरी दगडावर घासू नका, लोहाराकडून कानशीने काढून घ्या.

नव्या रगड्यात, म्हणजे मसाला वाटायच्या दगडात, पहिले काही वेळा जाडे तांदूळ वाटून टाकून द्या. पिठात कचकच लागेनाशी झाली की मसाला वाटा. वाटण गुळगुळीत होत नाही, दगडावरून नुसते घसरते, असे वाटले तर टाकी लावून (छिन्नीने दगड पुन्हा खरबरीत करून) घ्यायला हवी. आणि बाहेर पडवीत किंवा अंगणात पडलेल्या रगड्याकडे पावसात लक्ष द्या. त्याच्या खळग्यात पाणी साचते आणि डेंगीच्या डासाला तेवढे पुरते. आठवड्यातून एकदा तरी ते उपसून खळगा घासून घ्या, किंवा वर घट्ट बसणारी फळी ठेवा.