जुनी माउंटन सायकल मूळ अवस्थेत जमवावी कशी आणि विकावी कशी

जुन्या माउंटन सायकलीचे मोल तिच्यावरचा कारखान्यातला रंग, मूळ स्टिकर आणि पहिल्या दिवशी बसवलेले भाग यांत असते, आणि या तिन्ही गोष्टी एकदा गेल्या की पैसे मोजूनही पुन्हा मिळत नाहीत. मराठवाड्याची हवा या बाबतीत संग्राहकाच्या बाजूची आहे. कोकणात जे लोखंड चार पावसाळ्यांत पोखरले जाते, ते इकडच्या कोरड्या हवेत तीस वर्षे सहज टिकते. आपल्याकडे अशा सायकलींचा नाश होतो तो दोन मार्गांनी. एक तर घरात लग्नकार्य निघाले की वाड्यातल्या दारा-खिडक्यांबरोबर तिलाही ऑइलपेंट फासला जातो, किंवा ती भंगाराच्या गाडीवर चढते आणि लोखंडाच्या भावाने जालन्याच्या भट्ट्यांपर्यंत पोहोचते. संग्राहकाने या दोन्हींच्या आधी तिच्यापर्यंत पोहोचायचे असते.

काय शोधायचे हे कळण्यासाठी थोडा इतिहास माहीत हवा. डोंगरउतारावर चालवण्यासाठीची ही सायकल १९७० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, माउंट टॅमलपायस या डोंगराच्या परिसरात घडली. जो ब्रीझ, टॉम रिची, गॅरी फिशर या मंडळींनी तिला आकार दिला आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची जपानात तयार झालेली ‘स्टम्पजंपर’ मोठ्या संख्येने बाजारात आली. पुढच्याच वर्षी शिमानो या जपानी कंपनीने ‘डिओरे एक्सटी’ हा खास माउंटन सायकलीसाठीचा गिअर-ब्रेक वगैरे भागांचा संच काढला. तेव्हापासून साधारण १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंतच्या सायकलींना आज संग्राहकांत मागणी आहे. आपल्याकडे अशा परदेशी सायकली क्वचितच सापडतात. कामानिमित्त परदेशी राहून आलेल्या कुटुंबांनी घरसामानाबरोबर आणलेली एखादी सायकल छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा लातूरच्या जुन्या वसाहतीत जिन्याखाली उभी असते. त्या मानाने १९९० च्या दशकातल्या देशी सायकली, म्हणजे हिरोची रेंजर किंवा हर्क्युलिसच्या जाड टायरांच्या सायकली, गावोगावी आहेत. त्यांना आज फारसा भाव नाही, आणि नेमक्या म्हणूनच त्या मूळ अवस्थेत सांभाळण्याकडे कोणी लक्ष देत नाही. ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना २०२० मध्ये बंद पडला, तेव्हा त्या छापाचे मूळ भाग आता जुन्या दुकानांच्या माळ्यावरच शोधावे लागतात. एखादी न रंगवलेली, मूळ स्टिकर शाबूत असलेली देशी सायकल मिळाली, तर तिला परदेशी सायकलीइतकेच जपावे असे माझे ठाम मत आहे.

शोधाची सुरुवात तालुक्याच्या गावातील जुन्या सायकल दुकानापासून करावी. पंक्चर काढणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रींना कोणाच्या घरी गिअरची सायकल पडून आहे, हे पक्के ठाऊक असते. भंगार दुकानदाराला आधीच सांगून ठेवावे की सायकल आली तर तोडू नका, एक फोन करा, आणि लोखंडाच्या भावापेक्षा चार पैसे जास्त द्यावेत. आठवडी बाजार, बंद पडलेली वसतिगृहे, शेतातले आखाडे याही जागा पाहण्यासारख्या आहेत. मालकाशी बोलताना मात्र सरळ वागावे. “काका, ही सायकल मी सांभाळायला आणि पुढे कदाचित विकायला घेतोय, हिला संग्राहकांत किंमत आहे,” असे तोंडावर सांगितल्याने सौदा थोडा महाग पडतो. पण त्याच घरातून सायकलीचे बिल, चावी, मूळ पंप आणि अडगळीतला जुना टायरही निघतो, आणि पुढचा पत्ता तेच काका देतात.

सायकल हाती आली की पैसे देण्यापूर्वी तिला उलटी करून नीट पाहावे. पायडलच्या एक्सलची जी आडवी नळी असते, तिच्या खाली बहुधा फ्रेमचा नंबर कोरलेला असतो. तो घासून काढलेला दिसला तर ती सायकल घेऊ नये. पुढच्या चिमट्यामागे, जिथे खालची नळी हँडलच्या नळीला मिळते, तिथे बोट फिरवावे. तिथला रंग सुरकुतला असेल किंवा धातूला फुगवटा आला असेल, तर सायकल कधीतरी समोरून जोरात आदळली आहे असे समजावे. लोहचुंबक चिकटत नसेल तर फ्रेम बहुधा ॲल्युमिनियमची आहे. पोलादी फ्रेमवर टँगे, रेनॉल्ड्स, ट्रू टेम्पर किंवा ‘क्रोमोली’ असे लिहिलेले स्टिकर असेल, तर ती हलक्या आणि उंची नळ्यांची आहे. सर्वांत महत्त्वाची तपासणी सीटच्या दांड्याची. पोलादी फ्रेममध्ये ॲल्युमिनियमचा दांडा वर्षानुवर्षे न हलवता राहिला, की दोन धातूंच्या संयोगाने तो गंजून आत घट्ट बसतो. असा दांडा पाइप लावून पिळू नये, फ्रेम फाटते. गंज सोडवणारे तेल कडेने सोडून काही दिवस वाट पाहावी आणि हे काम किमतीत धरावे.

भाग मूळचेच आहेत की नंतर बदललेले, हे ओळखणे हा या छंदातील खरा अभ्यास आहे. शिमानोच्या त्या काळातील भागांवर, क्रँकच्या (पायडल बसवलेल्या दांड्याच्या) मागच्या बाजूस किंवा डिरेलरच्या (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाच्या) आतल्या अंगास, दोन इंग्रजी अक्षरे ठोकलेली असतात. पहिले अक्षर वर्षाचे आणि दुसरे महिन्याचे. वर्षांची मोजणी १९७६ साठी ‘ए’ अशी सुरू होते, म्हणून ‘एम’ म्हणजे १९८८ आणि ‘क्यू’ म्हणजे १९९२. महिन्यांत ‘ए’ जानेवारी आणि ‘एल’ डिसेंबर. डिरेलर, क्रँक, हब आणि ब्रेक यांवरच्या तारखा काही महिन्यांच्या आत जुळत असतील, तर संच बहुधा कारखान्यातूनच तसा आला आहे. एकच भाग चार वर्षांनी नवा निघाला तर तो बदललेला आहे, आणि विकताना ते सांगावे लागेल. मोठे बदलही लक्षात ठेवावेत. अंगठ्याने फिरवायचे गिअर-लिव्हर असतील तर सायकल बहुधा १९९० च्या आसपासची किंवा आधीची, आणि व्ही-ब्रेक (लांब उभ्या हातांचे, बाजूने केबल ओढणारे) असतील तर १९९६ च्या सुमाराची किंवा नंतरची, कारण त्याआधी बहुधा कँटिलिव्हर ब्रेक (आखूड हातांचे, मधोमध वरून केबल ओढणारे) चालत. पुढच्या चिमट्यात सस्पेन्शनही १९८९ च्या सुमारास, रॉकशॉक्स कंपनीच्या ‘आरएस-१’ या चिमट्यापासून रुळू लागले. १९८५ च्या सायकलीवर ते दिसले तर प्रश्न विचारावा.

आता स्वच्छता. येथेच सर्वाधिक सायकली बिघडतात, कारण हौसेने माणूस त्यांना नव्यासारखे करायला जातो. मूळ रंगावर ओरखडे असले तरी रंग काढू नये, पावडर कोटिंगला देऊ नये आणि क्रोमला पुन्हा मुलामा देऊ नये. आधी कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडावी, मग सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसावे. आपल्याकडचे बोअरचे पाणी जड असते आणि वाळल्यावर रंगावर पांढरे डाग ठेवते, म्हणून शेवटचा हात फिल्टरच्या पाण्याचा असावा. स्टिकरला पेट्रोल, थिनर किंवा रॉकेल लावू नये. अक्षरे क्षणात विरघळतात. क्रोमवरचा वरवरचा गंज ॲल्युमिनियमची फॉइल पाण्यात बुडवून हलके घासल्यास निघतो. चेन आणि फ्रीव्हील रॉकेल किंवा डिझेलमध्ये धुवावेत, छर्रे काढून वाट्या पुसाव्यात आणि नवे ग्रीस भरावे. गिअर पडत नसतील तर लिव्हर बदलण्याची घाई करू नये. त्यातले ग्रीस सुकून चिकट झालेले असते. पातळ तेलाचा फवारा मारून तो खटका पुन्हा पुन्हा दाबत राहिल्यास बहुतेक वेळा यंत्र सुटते, आणि मूळ भाग वाचतो. शेवटी मोटारीचे वॅक्स पातळ हाताने लावावे. काढलेला प्रत्येक जुना भाग, अगदी झिजलेले ब्रेक रबरसुद्धा, पिशवीत नाव लिहून ठेवावा.

साठवणीत आपला शत्रू पाऊस कमी आणि ऊन जास्त आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे गेला की पत्र्याच्या शेडमध्ये टायरच्या भिंती तडकतात, हँडलच्या मुठी चिकट होतात आणि लाल रंग फिकट पडतो. सायकल जाड भिंतींच्या, सावलीच्या खोलीत ठेवावी, टायरमध्ये थोडी हवा राखावी आणि वर सुती चादर टाकावी; प्लास्टिकच्या आवरणाखाली पावसाळ्यात ओल धरते. मूळ टायर शाबूत असतील तर ते काढून वेगळे ठेवावेत आणि चालवायला दुसरे घालावेत. बदली टायर घेताना कडेवरचा ५५९ हा आकडा पाहावा. २६ इंची म्हणून विकले जाणारे सगळेच टायर या रिमवर बसत नाहीत.

विक्रीत वर्णन हेच भांडवल आहे. गिऱ्हाईक बहुधा पुणे, मुंबई किंवा बंगळुरूचे असते आणि सायकल न पाहता पैसे देते, म्हणून फ्रेमचा नंबर, भागांवरच्या तारखा, फ्रेमचे माप आणि बदललेल्या प्रत्येक भागाची नोंद स्पष्ट लिहावी. फोटो चेनच्या बाजूने, साध्या भिंतीसमोर, सकाळच्या उजेडात काढावेत आणि प्रत्येक ओरखड्याचा जवळून एक वेगळा फोटो द्यावा. भाव ठरवताना मागितलेल्या किमती पाहू नयेत. खरोखर झालेल्या सौद्यांची विचारपूस करावी. सायकल पूर्ण आणि मूळ असेल, तर तिचे भाग सुटे करून विकू नयेत. सुट्या भागांचे कधी कधी जास्त पैसे येतात हे खरे आहे. पण पंचवीस-तीस वर्षे एकत्र राहिलेला संच त्यासाठी मोडणे मला पटत नाही. फ्रेमला तडा गेलेला असेल, तर मात्र तिचे भाग दुसऱ्या सायकलीला जीवदान देऊ शकतात.

पाठवताना सायकल दुकानातून नव्या सायकलीचे रिकामे खोके मागून आणावे. डावा पायडल उलट्या आट्यांचा असतो, हे ध्यानात ठेवूनच तो सोडवावा. चाक काढल्यावर चिमट्याच्या दोन्ही टोकांमध्ये लाकडी ठोकळा अडकवावा, नाहीतर वरच्या ओझ्याने चिमटा दबतो, आणि डिरेलर सोडवून फडक्यात गुंडाळून फ्रेमच्या आत बांधावा. रेल्वेच्या पार्सल कार्यालयातून किंवा ट्रान्सपोर्टने खोके जाते. सायकलीला आरसी बुक नसते, म्हणून खरेदी आणि विक्री दोन्ही वेळा फ्रेमचा नंबर, तारीख, रक्कम आणि दोघांच्या सह्या असलेली पावती करावी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार चोरीचा माल आहे असे मानण्यास कारण असूनही तो ठेवणे हा गुन्हा आहे, आणि अशा वेळी आपल्या हाती ही पावतीच असते. तिची एक प्रत खोक्यात आणि एक स्वतःच्या फाइलमध्ये ठेवावी.