बिलीफ, फेथ, ट्रस्ट की कन्व्हिक्शन? ‘विश्वासा’साठी नेमका इंग्रजी शब्द कसा निवडावा

राज्यघटनेची उद्देशिका आपण शाळेत पाठ केलेली असते. तिच्यात ‘विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य’ असे शब्द आहेत. इंग्रजी उद्देशिकेत विश्वासाच्या जागी ‘बिलीफ’ आहे आणि श्रद्धेच्या जागी ‘फेथ’. दोन्ही शब्द एकाच ओळीत शेजारी शेजारी आहेत, म्हणजे एकाने दुसऱ्याचं काम भागत नाही. तरी इंग्रजीत अर्ज, निबंध किंवा भाषण लिहिताना आपण ‘विश्वास’ म्हटलं की हाताला येईल तो शब्द लावून मोकळे होतो.

अनेक जण हे शब्द कमी-जास्त जोराप्रमाणे लावायला जातात: ओपिनियन सौम्य, बिलीफ त्याहून पक्का, कन्व्हिक्शन सर्वांत ठाम. ही उतरंड थोडीफारच खरी आहे. माझ्या मते विश्वास किती ठाम आहे यापेक्षा तो कशावर उभा आहे, हे विचारलं की शब्द लवकर सापडतो.

आधी पाहा: विश्वास विधानावर आहे की माणसावर?

‘आय बिलीव्ह यू’ म्हणजे तुम्ही आत्ता जे सांगताय ते मला खरं वाटतं. ‘आय बिलीव्ह इन यू’ म्हणजे तुमच्यात ती धमक आहे असं मी मानतो. मध्ये एक ‘इन’ आला आणि विश्वास बोलण्यावरून माणसावर गेला. हाच ‘इन’ अस्तित्व मानण्यासाठीही येतो. ‘बिलीव्ह इन गोस्ट्स’ म्हणजे भुतं असतात असं मानणं. त्यात भुतांच्या कर्तबगारीचं कौतुक नाही. आपण ‘तो देव मानतो’ म्हणतो, तिथेही इंग्रजीत ‘इन’ लागतो. विधानावरच्या विश्वासाला मात्र ‘बिलीव्ह दॅट’.

मग आधार शोधा

पुरावा पाहून मन वळलं असेल तर ‘कन्व्हिन्स्ड’. मराठीत आपण ‘पटलं’ म्हणतो, ते हेच. ‘पर्स्वेडेड’ त्याच्या जवळचा, पण त्यात बहुधा कृती असते: समजावल्यावर माणूस काही करायला राजी झाला. एखाद्याला तुमचं म्हणणं पटतं, पण तो राजी होत नाही, तेव्हा हे दोन शब्द वेगळे पडतात.

अनुभवावरून एखाद्याच्या कौशल्याची खात्री वाटते तेव्हा ‘कॉन्फिडन्स’. स्वतःचं काही दुसऱ्याच्या हाती सोपवायची तयारी असते तेव्हा ‘ट्रस्ट’. ट्रस्टमध्ये जोखीम आहे. एखाद्या सर्जनच्या हातावर कॉन्फिडन्स असू शकतो आणि त्याच वेळी त्याने सांगितलेल्या खर्चाबाबत ट्रस्ट नसू शकतो. संसदेतल्या अविश्वास प्रस्तावाला इंग्रजीत ‘नो-कॉन्फिडन्स मोशन’ म्हणतात आणि मालमत्ता ज्यांच्या हाती सोपवतात ते विश्वस्त ‘ट्रस्टी’ ठरतात, यातही हाच फरक दिसतो.

‘फेथ’चा अर्थ पुष्कळ जण ‘पुराव्याशिवायचा विश्वास’ एवढाच घेतात. तो अपुरा आहे. हा शब्द लॅटिनमधल्या ‘फिदेस’वरून आला आणि त्यात इमान, दिलेला शब्द पाळणं हेही होतं. म्हणून ‘फेथफुल’ म्हणजे एकनिष्ठ आणि ‘कीप फेथ’ म्हणजे शब्दाला जागणं. पाठीशी नातं किंवा निष्ठा असेल तिथे फेथ शोभतो. ‘पीपल ऑफ ऑल फेथ्स’ असं अनेकवचन आलं की त्याचा अर्थ सरळ धर्म.

‘कन्व्हिक्शन’ लिहिण्याआधी थांबा

हा शब्द सगळ्यात जास्त उधळला जातो, म्हणून त्यावर थोडं अधिक. त्याच्या मुळाशी जिंकणं या अर्थाचा लॅटिन धातू आहे. न्यायालयातली कन्व्हिक्शन म्हणजे दोषसिद्धी. मनातली कन्व्हिक्शन म्हणजे ज्या विचारापुढे आपण पूर्ण हरलो आणि ज्याच्यासाठी आता किंमत मोजू, असा विचार.

कन्व्हिक्शन नेमकी कशाला म्हणायची, हा प्रश्न युरोपीय मानवी हक्क न्यायालयापुढेही आला होता. स्कॉटलंडमधल्या शाळांत मुलांना मारण्याची शिक्षा होती आणि दोन विद्यार्थ्यांच्या आयांनी तिला हरकत घेतली. पालकांच्या ‘धार्मिक आणि तात्त्विक कन्व्हिक्शन्स’चा मान राखावा, असं युरोपीय मानवी हक्क कराराच्या पहिल्या प्रोटोकॉलमध्ये आहे. मग आयांची हरकत ही कन्व्हिक्शन की नुसतं मत? १९८२ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की कन्व्हिक्शन म्हणजे ओपिनियन किंवा आयडिया नव्हे. ती बिलीफच्या जवळ आहे, आणि त्या विचारात पटण्याजोगेपणा, गांभीर्य, सुसंगती व महत्त्व हवं. आयांची हरकत या कसोटीला उतरली.

२००९ मध्ये ब्रिटनच्या रोजगारविषयक अपील न्यायाधिकरणापुढे हवामान बदलाबद्दलच्या ठाम भूमिकेला कायद्याचं संरक्षण मिळू शकतं का, हा प्रश्न आला. मिळू शकतं, असं उत्तर आलं. पण ती प्रामाणिक बिलीफ हवी, हाती असलेल्या माहितीवर बेतलेलं निव्वळ मत नको, आणि ती मानवी जीवनाच्या एखाद्या भारदस्त बाजूशी जोडलेली हवी, अशा अटींसह.

तुमच्या वाक्यालाही हीच कसोटी लावा. बैठक सोमवारी घ्यावी हे ओपिनियन. मुलांवर हात उगारू नये ही कन्व्हिक्शन होऊ शकते, जर तुम्ही तशी वागणूक ठेवत असाल.

विश्वास एकट्याचा की समूहाचा?

समूहाच्या श्रद्धेचा ठरलेला जाहीरनामा म्हणजे ‘क्रीड’. ख्रिस्ती धर्मातला ‘नायसीन क्रीड’ इसवी सन ३२५ च्या नायसिया परिषदेतून सुरू झाला. त्यातलं एकेक तत्त्व म्हणजे ‘टेनेट’. ‘डॉग्मा’ जपून वापरा. कॅथलिक चर्चमध्ये तो मानाचा शब्द आहे, पण चर्चबाहेर समोरच्याचा विचार आंधळा आणि हटवादी आहे, असा आरोप त्यातून होतो.

‘आय बिलीव्ह’ने वाक्य ढिलं होतं का, तपासा

‘आय बिलीव्ह द ऑफिस क्लोजेस ॲट फाइव्ह’ म्हणजे ‘पाचला बंद होतं वाटतं’. इथे बिलीव्ह ठामपणा वाढवत नाही, कमी करतो. म्हणून नोकरीच्या अर्जात ‘हे काम मी करू शकेन अशी मला खात्री आहे’ यासाठी ‘आय ॲम कॉन्फिडंट’ लिहा. ‘आय ॲम कन्व्हिन्स्ड’ तिथे जड पडतं. आणि ‘आय ट्रस्ट यू हॅव रिसीव्ड माय लेटर’ असं वरिष्ठांना लिहू नका; त्यात सभ्य भाषेतला तगादा ऐकू येतो.

तरी अडलात तर विश्वास मोडून पाहा

तो मोडला तर तुम्ही मराठीत काय म्हणाल? समज चुकीचा निघाला, तर ती बिलीफ होती. विश्वासघात झाला, तर ट्रस्ट. श्रद्धा उडाली, तर फेथ. धीर खचला, तर कॉन्फिडन्स. तत्त्वाला मुरड घातली, तर कन्व्हिक्शन. मला ही पायरी सगळ्यात भरवशाची वाटते, कारण इथे मराठीचा कान आपोआप मदतीला येतो.

दोन जागा मात्र वेगळ्या सांभाळाव्या लागतात. कायदेशीर कागदात स्वतःचा शब्द घालू नका. ‘गुड फेथ’ म्हणजे तिथे सद्भाव. २०२४ पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम ५२ नुसार योग्य दक्षता व काळजी न घेता केलेली गोष्ट ‘गुड फेथ’मध्ये बसत नव्हती. प्रतिज्ञापत्रात ‘नॉलेज अँड बिलीफ’ असेल तर दोन्ही शब्द तसेच ठेवा.

दुसरी जागा ‘अंधश्रद्धा’. दाराला लिंबू-मिरची बांधणं किंवा मांजर आडवं गेलं म्हणून थांबणं, याला ‘सुपरस्टिशन’. एखाद्या बाबाच्या शब्दावर डोळे मिटून घरदार विकायला निघणं, याला ‘ब्लाइंड फेथ’. लेखात दोन्ही गोष्टी येत असतील तर दोन्ही शब्द वापरा.